दिवाळीच्या सुट्टीत केनिया सफारी, सासू-सासरे आणि मुलं बरोबर, तयारी कुठून सुरू करू?

मांजलपूरची सून

नमस्कार मंडळी, गीरला जाऊन आल्यापासून आमच्या ह्यांच्या डोक्यात मसाई मारा बसलंय ते काही निघत नाही, आणि आता मुलंही त्यांच्याच पार्टीत. तर यंदा दिवाळीच्या सुट्टीत जायचं जवळपास नक्की झालंय. आम्ही दोघं, मुलगी १२ वर्षांची, मुलगा ७ चा, सासरे ६८, बीपीची गोळी चालू आहे बाकी ठणठणीत, आणि सासूबाई ६३, गुडघे कुरकुरतात पण यायला एका पायावर तयार.

एजंटने दिलेला प्लान असा: नैरोबी, अंबोसेली, नाकुरू, मसाई मारा, मग बॉर्डर ओलांडून टांझानियातलं सेरेंगेटी आणि गोरोंगोरो, सगळं मिळून आठ रात्री. शिवाय सामानाची एक भली मोठी यादी पाठवलीये, सफारी हॅट, सफारी जॅकेट, सफारी बूट, सफारी पँट, म्हणजे दिवाळीच्या आधीच दिवाळं. आणि ब्रोशरच्या कव्हरवर नदीत उड्या मारणारी हजारो हरणं का काय ती, ती आपल्याला दिसणार का हेही विचारायचंय.

मुख्य प्रश्न, पिवळ्या तापाचं इंजेक्शन सासऱ्यांना या वयात द्यायचं का, थंडी असते की उकाडा, सासूबाईंच्या उपासाचं कसं होईल, आणि बॅगा किती न्यायच्या. कोणी जाऊन आलं असेल तर जरा सविस्तर सांगा, गूगल वाचून वाचून डोकं फिरलंय.

रावपुरा रिटर्न

वहिनी, सामानाची यादी ठेवा बाजूला, पहिलं काम म्हणजे त्या प्लानमधून टांझानिया खोडा. नकाशात मारा आणि सेरेंगेटी चिकटून दिसतात आणि जनावरं पासपोर्ट न दाखवता इकडून तिकडे जातात पण आपल्याला तसं जाता येत नाही, टुरिस्टला रस्त्याने फिरून इसेबानियाच्या बॉर्डरवर जावं लागतं, तिथे केनियाची गाडी सोडायची, टांझानियाची पकडायची, त्यांचा व्हिसा वेगळा ५० डॉलर माणशी, आणि केनियातून येताय म्हणून पिवळ्या तापाच्या लसीचं पिवळं कार्ड दाखवायचं. अख्खा दिवस त्यातच जातो. एजंटला एका पॅकेजमध्ये दोन देश विकायला बरं वाटतं, कंबर आपली मोडते.

अंबोसेली आणि मारासुद्धा नैरोबीच्या दोन वेगळ्या दिशांना आहेत. नैरोबी ते मारा रस्त्याने पाच-सहा तास धरा, शेवटचा तुकडा खडबडीत, ड्रायव्हर लोक त्याला हसत हसत आफ्रिकन मसाज म्हणतात, तरुण माणसाला मजा येते, ६८ वर्षांच्या माणसाला नाही. मी आई-बाबांना घेऊन गेलो होतो तेव्हा मारामध्ये जास्त रात्री ठेवल्या आणि येताना नैवाशाला थांबलो. नैवाशाला तलावात बोटीने हिप्पो बघायचे, चालणं नाही, धक्के नाहीत, तुमच्या सासूबाईंना तेच सगळ्यात आवडेल बघा. नाकुरू घ्यायचं तर गेंड्यांसाठी घ्या, फ्लेमिंगोच्या गुलाबी तलावाचे फोटो बघून जाऊ नका, पाणी वाढल्यापासून बरेचसे पक्षी दुसऱ्या तलावांवर गेलेत.

आणि गीरशी तुलना करून जाऊ नका. गीरचं अभयारण्य आणि नॅशनल पार्क मिळून साधारण १४१२ चौरस किमी, मारा रिझर्व्ह १५१०, म्हणजे आकारात फार फरक नाही, पण आपल्याकडे सागाचं जंगल, परमिटचे तीन तास, ठरलेला रूट, आणि सिंह दिसला की जिप्सीवाला घड्याळ बघतो. तिकडे उघडं माळरान, सकाळी सहाला निघालात की डबा बरोबर घेऊन संध्याकाळपर्यंत आत राहता येतं. म्हणून जागा कमी करा आणि एका जागी जास्त वेळ बसा. एक चित्ता टेकाडावर बसलाय, तो उठेल की नाही ह्यासाठी तासभर थांबलात तरच तो उठतो.

तिकिटाचंही विचारून घ्या. माराचं तिकीट आता परदेशी माणसाला जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे, मुलांना कमी, आणि ते १२ तासांचं असतं, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. हॉटेल गेटच्या बाहेर असेल तर जितके दिवस आत जाल तितकी तिकिटं. पॅकेजमध्ये पार्क फी धरलीय का आणि किती दिवसांची हे लेखी घ्या, तोंडी नको.

डॉक्टरीणबाई अलकापुरी

इंजेक्शनचं मी सांगते, पण सासऱ्यांना तुमच्या फिजिशियनकडे न्यायचंच, इथे वाचून निर्णय घेऊ नका.

पिवळ्या तापाचं सर्टिफिकेट तुम्हाला जाताना जेवढं लागतं त्यापेक्षा परत येताना जास्त लागतं. आपल्याकडे हा रोग नाही पण डास भरपूर, म्हणून सरकार कडक आहे, केनियातून सर्टिफिकेटशिवाय उतरलात तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. लस घेतल्यावर १० दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं आणि एकदा घेतलं की जन्मभर चालतं, २०१६ पासून तसा नियम आहे, दहा वर्षांनी परत टोचायची भानगड संपली. लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य सेंटरवरच, यादी आरोग्य मंत्रालयाच्या साइटवर आहे. एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात आणि फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून सेंटरवाले ठरावीक वारीच बोलावतात. दिवाळीच्या तोंडावर धावाधाव करू नका. मूळ पासपोर्ट घेऊन जा, कार्डावर नंबर आणि नाव पासपोर्टप्रमाणे लिहिलंय का ते तिथेच उभं राहून तपासा. कोणाचा पासपोर्ट संपत आला असेल तर आधी तो नवा करा आणि मग लस.

आता वय. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्यांमध्ये गंभीर त्रास क्वचित होतो पण तरुणांपेक्षा त्याची शक्यता जास्त असते, म्हणून तुमच्या घरात सासरे आणि सासूबाई दोघांचंही नीट बघायला हवं. नुसतं बीपी असलं म्हणून लस बंद असं नाही. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, थायमस ग्रंथीचा आजार किंवा ऑपरेशन, अंड्याची जोरदार अॅलर्जी, असं काही असेल तर आधी सांगायचं. डॉक्टरांनी लस देऊ नका म्हटलं तर तसं लेखी मिळतं, पण ते घेऊन परत येताना काय करतील हे बुकिंगच्या आधी एअरपोर्टच्या आरोग्य खात्यालाच विचारा. मुलांचं गोवर किंवा कांजिण्यांचं एखादं इंजेक्शन राहिलं असेल तर ते एकतर त्याच दिवशी किंवा चार आठवडे अंतर ठेवून.

मलेरियाच्या गोळ्या वेगळ्या, ती लस नाही. दोन-तीन प्रकार आहेत, एक प्रकार परत आल्यावर आठवडाभर घ्यायचा, दुसरा चार आठवडे आणि त्याने उन्हात कातडी भाजते, लहान मुलांना तो देत नाहीत. कोणाला कुठली ते वजन आणि बाकीची औषधं बघून ठरतं.

सुभानपुऱ्याचे काका

आम्ही गोळ्या-बिळ्या काही घेतल्या नव्हत्या, ओडोमॉस लावलं, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला, काही झालं नाही. आमच्या ग्रुपमध्ये कोणीच घेतल्या नव्हत्या. बडोद्यात राहणाऱ्या माणसाला डासांची काय भीती, इथे विश्वामित्रीकाठी राहून दाखवा. उगाच माणसाला घाबरवून सोडायचं. आणि एवढ्या पैशात दोनदा गीर, एकदा ताडोबा आणि वर काझीरंगा होईल.

डॉक्टरीणबाई अलकापुरी

काका, तुम्हाला काही झालं नाही ह्याचा आनंद आहे, पण इथल्या डासांची सवय तिथे कामाला येत नाही. आपल्याकडे बराच मलेरिया व्हायव्हॅक्स जातीचा, तिकडे मुख्यतः फाल्सिपेरम, तो मेंदूवर आणि किडनीवर जातो आणि दोन-तीन दिवसांत माणूस गंभीर होतो. नैरोबी उंचावर आहे म्हणून शहरात धोका कमी, पण मारामध्ये आहे. ओडोमॉस आणि पूर्ण बाह्या हव्यातच, गोळ्यांच्या जोडीला, गोळ्यांच्या ऐवजी नाही. आणि सून, हे लिहून ठेवा, परत आल्यावर महिन्या-दोन महिन्यांतही कोणाला ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य "आम्ही आफ्रिकेला गेलो होतो" हे सांगायचं. व्हायरल म्हणून क्रोसिनवर काढू नका.

नैरोबीची वहिनी

मी मूळची दांडिया बजारची, लग्न होऊन इकडे आले ती इकडचीच झाले. बडोद्याहून पाहुणे आले की मी त्यांच्या बॅगेत पहिलं काय बघते सांगू? प्लास्टिकच्या पिशव्या. ठेपले एका पिशवीत, भाकरवडी दुसऱ्या, लोणचं तीन पिशव्यांत गुंडाळलेलं, ओले कपडे घालायला आणखी चार घडी करून. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरी बॅगवर बंदी आहे, दंड जबर आहे, आणि २०२० पासून पार्कमध्ये एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बाटल्यासुद्धा चालत नाहीत. तेव्हा स्टीलचे डबे, कापडी पिशव्या, प्रत्येकाची एक स्टीलची बाटली. लॉजमध्ये पाणी भरून मिळतं.

जेवणाची काळजी करू नका ग, इथे गुजराती मंडळी तीन-चार पिढ्यांपासून आहेत, नैरोबीत जैन थाळीसुद्धा मिळते आणि माराच्या बऱ्याच लॉजमध्ये डाळ-भात-चपाती असतेच, बुकिंग करताना शाकाहारी किती आणि उपासाचं काय चालतं हे मात्र कळवून ठेवायचं. सासूबाईंसाठी राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले दाणे, खजूर आणि थोडा साबुदाण्याचा कोरडा चिवडा असं काहीतरी घ्या, कारण डबा घेऊन दिवसभर आत गेलात की त्या डब्यात ब्रेड, केळं आणि उकडलेलं अंडं असतं. फळं आणि बिया मात्र आणू नका, एअरपोर्टवर अडवतात.

थंडीचं: आफ्रिका म्हणजे भट्टी असं समजून लोक सुती कपड्यांत येतात आणि पहाटे उघड्या छताच्या गाडीत कुडकुडतात. मारा १५०० मीटरच्या वर आहे, पहाटे बडोद्याच्या जानेवारीसारखी हवा समजा, दहा वाजले की ऊन चटकायला लागतं. एकावर एक घालायचे कपडे आणा, कानटोपी आणा, सासऱ्यांचा मफलर आणा. सफारी जॅकेट वगैरे काही विकत घेऊ नका, घरातले मातकट, बदामी, शेवाळी रंगाचे जुने कपडे उत्तम, पांढरा एका दिवसात तांबडा होतो. काळा आणि गडद निळा टाळा, त्सेत्से माशी त्या रंगांवर येते, मारामध्ये फार नाही पण उगाच कशाला. आणि मुलाला हौसेने मिलिटरीच्या छापाची पँट घेऊ नका, आफ्रिकेतल्या काही देशांत सामान्य माणसाने तो छाप घालणं गुन्हा आहे, इकडेही भुवया वर जातात.

आता तुझ्या हरणांचं. ती हरणं नाहीत, विल्डबीस्ट, दिसायला गुरांसारखी जनावरं, आणि ते मारा नदी ओलांडतात साधारण जुलै ते ऑक्टोबर. दिवाळीपर्यंत बहुतेक कळप परत टांझानियाकडे वळलेले असतात. नोव्हेंबर म्हणजे इथला छोटा पावसाळा, दुपारनंतर एखादी जोरदार सर येते आणि जाते, माळ हिरवा होतो, गाड्यांची गर्दी कमी. सिंह, हत्ती, जिराफ, चित्ते कुठे जात नाहीत, ते बारा महिने इथलेच. एजंट त्या कव्हरवरच्या फोटोचे पैसे लावत असेल तर ते देऊ नको. चिखल असतो, म्हणून साधी व्हॅन नको, लँड क्रूझर मागा, सहा जण एका गाडीत मावता आणि प्रत्येकाला खिडकी मिळते.

व्हिसा आता नाही, २०२४ पासून ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवाना, मुलांचाही वेगळा, साधारण ३० डॉलर, सरकारी साइटवरूनच भरा, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या साइट दुप्पट घेतात. डॉलरच्या नोटा नव्या छापाच्या आणि कोऱ्या, फाटकी किंवा पेनाने लिहिलेली नोट इथे कोणी हातात धरत नाही. टिपेसाठी पाच-दहाच्या नोटा ठेवा.

मांजलपूरची सून

बापरे, पिशव्यांचं कोणीच सांगितलं नव्हतं, सासूबाईंनी तर आत्तापासून जमवायला घेतल्यात! डॉक्टरीणबाई, सासऱ्यांची आणि सासूबाईंची दोघांची अपॉइंटमेंट घेतली, थायमसचं विचारते. एजंटला फोन केला, टांझानिया काढायचं म्हटलं तर म्हणाला मग मजा काय राहिली. हे म्हणाले तुमची का आमची. आता तो बदल्यात नैरोबी ते मारा छोट्या विमानाने जा म्हणतोय, आई-बाबांना सोपं पडेल म्हणून. घ्यावं का? आणि ह्यांना नवा कॅमेरा घ्यायचाय, मोठी लेन्स, त्यावर घरात चर्चा चालू आहे, चर्चा म्हणजे भांडण.

लेन्सवाला

विमान चांगलं आहे, पाऊण तासात पोचता, पण माणशी १५ किलो, त्यात हातातली बॅगसुद्धा आली, आणि बॅग मऊ हवी, कडक चाकांची ट्रॉली त्या विमानाच्या पोटात जात नाही. म्हणजे डबे, लाडू, मफलर आणि लेन्स सगळं १५ किलोत. मोठ्या बॅगा नैरोबीच्या हॉटेलात ठेवून जा.

कॅमेऱ्याचं माझं मत कोणाला आवडणार नाही. नवा कॅमेरा जायच्या आदल्या आठवड्यात घेऊन उपयोग नाही. आत्ता घ्या आणि कमाटीबागेत रोज सकाळी धावणारी कुत्री आणि उडणारे बगळे काढत बसा, हात बसेल. लेन्स विकत घेण्यापेक्षा भाड्याने घ्या, ४०० एमएमपर्यंत पोचणारी झूम पुरते. पण घरातल्या सहा जणांत लेन्स एकच, बघायचं सगळ्यांना असतं, त्यामुळे त्याच पैशात दोन चांगल्या दुर्बिणी घ्या, ८ बाय ४२, म्हणजे आठपट जवळ दाखवणाऱ्या, त्याहून जास्त पॉवरची हातात हलते. मुलांना एक, आजी-आजोबांना एक. नाहीतर दर मिनिटाला "मला दे, मला दे" आणि तोवर बिबट्या गेला.

ट्रायपॉड गाडीत लावायला जागाच नसते. शिंप्याकडून जाड कापडाची एक रिकामी पिशवी शिवून घ्या, उशीच्या निम्मी, एका बाजूला चेन. नैरोबीत दोन किलो तांदूळ घेऊन त्यात भरायचे, छताच्या कडेवर ठेवायची आणि त्यावर लेन्स, दगडासारखी स्थिर राहते. निघताना तांदूळ ड्रायव्हरला देऊन टाकायचे. लेन्स गाडी चालू असताना बदलू नका, धूळ अशी बारीक असते की सेन्सरवर बसली की घरी येईपर्यंत प्रत्येक फोटोत आकाशात डाग. चष्म्याऐवजी कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनीही चष्मा न्यावा. ड्रोन घरी ठेवा, परवान्याशिवाय एअरपोर्टवरच काढून घेतात. प्लग तिकडे तीन चौकोनी पायांचा ब्रिटिश, दुबईला चालतो तोच, अडॅप्टर दोन तरी घ्या, आणि बऱ्याच कॅम्पमध्ये वीज ठरावीक तासच असते म्हणून पॉवर बँक.

सुभानपुऱ्याचे काका

तांदळाच्या पिशवीची, म्हणजे बीनबॅगची, आयडिया चांगली आहे. आमच्या वेळी नव्हती कोणाला सुचली. बाकी एक माझ्याकडून, इन्शुरन्स घेताना सासऱ्यांचं बीपी फॉर्मवर लिहा, लपवलं की क्लेम नाकारायला त्यांना कारण मिळतं, आमच्या ओळखीत झालंय. आणि त्यात विमानाने हॉस्पिटलपर्यंत नेण्याचा खर्च धरलाय का बघा, जंगलातून नैरोबीला अॅम्ब्युलन्स पाच-सहा तास घेते. तिकडे अॅम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स म्हणून आहेत, १९५७ पासूनचे, टुरिस्टसाठी त्यांचं स्वस्तातलं कव्हर मिळतं. तेवढं घ्या. टूरचे पैसे भरताना टीसीएस, म्हणजे आगाऊ इन्कम टॅक्स, कापतील, ज्याच्या पॅनवर कापतील त्याच्या रिटर्नमध्ये परत मिळतो, सासऱ्यांच्या नावावर भरणार असाल तर तो विचार आधी करा.

मांजलपूरची सून

काका, हे खूप कामाचं सांगितलंत, थँक्यू! शेवटचा एक प्रश्न, जरा अवघड आहे पण विचारतेच. दिवसभर आत म्हणजे बाथरूमचं काय? सासऱ्यांना बीपीच्या गोळीने सारखं जावं लागतं, आणि सासूबाईंना ती उंच गाडी चढता येईल का?

रावपुरा रिटर्न

अवघड काही नाही, सगळ्यांना पडतो हा प्रश्न, कोणी विचारत नाही एवढंच. गेटवर आणि काही पिकनिकच्या जागी बाथरूम असतात, बाकी ठिकाणी गाडीतून उतरायची परवानगी नाही, फार झालं तर ड्रायव्हर मोकळी जागा बघून, आजूबाजूला नजर फिरवून गाडीच्या मागे उतरवतो, त्याला ते लोक टायर चेक करणं म्हणतात. ड्रायव्हरला लाजू नका, अर्धा तास आधी सांगा म्हणजे तो रूट तसा लावतो. सासऱ्यांची गोळी लघवी वाढवणारी असेल तर डॉक्टरीणबाईंना वेळ बदलता येते का विचारा, माझ्या बाबांची तिथे दुपारी उशिरा केली होती. पण पाणी पिणं बंद करू देऊ नका, म्हातारी माणसं नेमकं तेच करतात आणि मग उन्हात चक्कर येते.

लँड क्रूझरची पायरी उंच असते हे खरं. एजंटला सांगा गाडीत एक पायरीचं स्टूल ठेवायला, बहुतेकांकडे असतं, आणि सासूबाईंना मधल्या रांगेत बसवा, मागच्या सीटवर धक्के सगळ्यात जास्त. मुलांना मागे टाका, ते खूश होतील.